पाच ते साडेपाचची कडी

आमच्या बुवापाड्यात नळाला पाणी पहाटे पाचला येतं आणि पावणेसहाला जातं. त्या पाऊण तासात जो झोपला, त्याचा दिवस कोरडा गेला. त्यामुळे अंबरनाथमधल्या कितीतरी बायकांसारखी मीही लग्न झाल्यापासून पाचला उठते, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला कामाचा कंटाळा नाही. कंटाळा करणाऱ्यांचा मात्र आहे.

मी प्रगती रणदिवे. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये हरेश शेठचा जीन्सचा कारखाना आहे, तिथे धागाकटिंग आणि फिनिशिंगच्या बारा बायका माझ्या हाताखाली आहेत. घरी नवरा महेश, तो आनंदनगर एमआयडीसीत फिटर. मुलगी तेजस्वी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. पहाटे पाणी, मग तीन डबे, मग शेअर रिक्षा, मग संध्याकाळी सातपर्यंत कारखाना. शिवाय बुधवारी आमच्या चर्चच्या मंडळीतलं महिला मंडळ, शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा, शनिवारी संडे स्कूलच्या पोरांची गाणी बसवणं. हे सगळं जमवून माझ्या घरात जेवायला गरम चपाती असते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडी बढाई आहे.

आणि प्रार्थनेत तर माझा हात कुणी धरू शकत नाही. सभेत पाळकसाहेब म्हणाले, "प्रगतीताई, आपण प्रार्थनेत चालवा," की मी उभी राहते आणि आजाऱ्यांपासून परीक्षार्थींपर्यंत, सरकारपासून सीमेवरच्या जवानांपर्यंत एकालाही सोडत नाही. मागच्या बाकांवरची म्हातारी माणसं हुंदके देतात. हरेश शेठ सिंधी, झुलेलालला मानणारे, पण त्यांचा माल कुठे अडकला की तेही माझ्याकडे येतात. "प्रगती, तू अपने गॉड को बोल ना. तेरा कनेक्शन डायरेक्ट आहे." मी म्हणते, "बोलते, शेठ." असं दिवसातून दहा जणांना म्हणते. व्हॉट्सॲपवर आणखी वीस जणांना जोडलेले हात पाठवते.

कनेक्शन डायरेक्ट आहे, हे मलाही खरंच वाटायचं.

यंदा लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, चाळीस दिवस सुरू व्हायच्या आधी पाळक हेमचंद्र यांनी साखळी प्रार्थनेचं काढलं. साखळी म्हणजे असं, की पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत मंडळीतलं कुणी ना कुणी प्रार्थनेत असायचं. प्रत्येकाला अर्धा तास, त्याला आम्ही कडी म्हणतो. आपली कडी संपली की पुढच्याला मिस्ड कॉल द्यायचा. त्याने तो कट केला की समजायचं, साखळी त्याच्या हातात गेली. छत्तीस कड्या, छत्तीस माणसं. तक्ता अर्थातच मी केला.

संध्याकाळच्या कड्या पटापट गेल्या. पहाटे पाच ते साडेपाचला मात्र कुणी हात लावेना, कारण सगळ्यांच्या घरी पाणी. शेवटी मी म्हटलं, द्या इकडे, मी उठलेलीच असते. एका दगडात दोन पक्षी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी माझं नाव ठळक अक्षरांत लिहिलं.

माझ्या पुढची कडी नवसीची. नवसी बारवी धरणाच्या वरच्या अंगाला एका ठाकूरवाडीत राहते. तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत आली. तिचा नवरा गोमा येत नाही, पण तिला अडवतही नाही. दर रविवारी ती वाडीतून दोन मैल उतरून जीप पकडते, बदलापुरात रिक्षा बदलते, आणि अंबरनाथला आमच्या आधी येऊन बसते. तिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. तिला वाचता येत नाही म्हणून मी तिला नीट समजावलं होतं, "माझी प्रार्थना संपली की माझा कॉल येईल. तो कट करायचा आणि सुरू करायचं. तोवर थांबायचं." तिने मान डोलवली. नवसीला एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

आता पाच ते साडेपाच मी काय करायचे तेही सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

पहिल्या दिवशी मी खरोखर ठरवलं होतं, की पाइप लावायचा आणि पिंप भरेपर्यंत प्रार्थना करायची. "हे प्रेमळ पित्या" एवढं म्हणून झालं आणि पाइप निसटला. दुसऱ्या दिवशी मोटर हवा धरून बसली. तिसऱ्या दिवशी पित्यापर्यंतसुद्धा पोचले नाही, कारण डोक्यात तेजस्वीच्या डब्याचं चाललं होतं. मग रोजचंच झालं. मोठं पिंप, बाथरूमचं पिंप, कळशा, बादल्या, आणि शेवटी गॅलरीतलं निळं पिंप. ते भरत आलं की साडेपाच व्हायचे. ओल्या हाताने फोन उचलायचा आणि नवसीला मिस्ड कॉल द्यायचा. पलीकडून लगेच कट व्हायचा. मी म्हणायचे, चला, झालं. आणि गंमत म्हणजे मला अजिबात लाज वाटायची नाही. देवाला काय कळत नाही का, बाईला किती कामं असतात? काम हीच माझी प्रार्थना, असं मी स्वतःला सुनावून टाकलं होतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण मी तो रोज पोटभर जेवत होते.

असे तीन आठवडे गेले. चौथ्या रविवारी उपासनेनंतर नवसी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, गोमाच्या पायावर कुऱ्हाड बसली. बदलापूरचा डाक्टर म्हन्तो, चिघळला तर बोट काढावं लागंल. तुमी सकाळच्याला याद करा."

"करते गं," मी म्हटलं. तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथल्या तिथे दोन वाक्यांची प्रार्थनाही केली. मग कुणीतरी हाक मारली म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पाइपलाइनच्या कामासाठी पाणी बंद होतं. मेसेज आदल्या संध्याकाळीच आला होता. मी गजर बंद केला आणि झोपले. जाग आली तेव्हा सात वाजून गेले होते. इतक्या वर्षांत अशी झोपले नव्हते. उठले ती गाणं गुणगुणतच. साखळी आठवली ती दुपारी दोन वाजता, कारखान्यात जेवणाचा डबा उघडताना. म्हटलं, राहिली एक दिवस, काय आभाळ कोसळतंय? नवसीने केलंच असेल तिचं. मंगळवारपासून पाणी आलं आणि माझा मिस्ड कॉलही वेळेवर जाऊ लागला.

आभाळ रविवारी कोसळलं.

आमच्याकडे उपासनेत साक्षीची वेळ असते. देवाने आठवड्यात काय केलं ते ज्याला सांगायचं असेल त्याने उभं राहून सांगायचं. नवसी तीन वर्षांत कधी उभी राहिली नव्हती. त्या दिवशी राहिली. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून बोलायला लागली.

"गोमाच्या पायाचं मी प्रगतीताईंना सांगितलं व्हतं. सोमवारी मी कोंबड्याला उठले, खळ्यावर गेले. आमच्या वाडीला रेंज तिथंच येती. ताईंच्या कॉलची वाट बघत बसले. कॉल आला नाय. उजाडलं, तरी आला नाय. मंग माझ्या ध्यानात आलं, ताई अजून प्रार्थनेतच हाय. माझ्या गोमासाठी येवढा येळ बसल्या. मी म्हनलं, त्या परक्याच्या मानसासाठी बसल्यात, तर मी घरात कशी जाऊ? मंग मी पन बसले. ऊन आलं. कामाचा टेम्पो आला न् गेला. मी उठले नाय. नऊ वाजले असतील, तवा गोमानं हाक मारली, तवा उठले. गोमाचा पाय आता सुकाया लागलाय. डाक्टर म्हन्तो बोट राहील. पन मला पायाचं नाय सांगायचं. मला ताईंचं सांगायचंय. येवढ्या कामाची बाई, पहाटंपासून नवाच्या ठोक्यापर्यंत बसली."

सगळी मंडळी "आमेन" म्हणाली. माझ्या शेजारच्या बाईने माझा हात दाबला. महेशने माझ्याकडे पाहिलं. सोमवारी सात वाजता मी कुठे होते हे त्याला चांगलं माहीत होतं, कारण पांघरूण त्यानेच ओढून घेतलं होतं. तो लगेच गीतांच्या पुस्तकात डोकं घालून बसला.

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "बंधुभगिनींनो, आपण सगळे म्हणतो की वेळ मिळत नाही. आपल्यात एक बहीण आहे, तिने वेळ काढला. पुढच्या रविवारी प्रगतीताईंनी आपल्याला दहा मिनिटं सांगावं, की कामाच्या धबडग्यात एकांताच्या प्रार्थनेला वेळ कसा काढायचा. चालेल ना ताई?"

मला नाही म्हणायची सवय नाही. तोंडातून "चालेल" असं निघून गेलं.

शेवटचं गीत झालं, आशीर्वाद झाला. मी चहाला थांबले नाही. दुसऱ्या कुणी माझी अशी स्तुती केली असती, तर मी ती पदरात पाडून घेतली असती, खोटं कशाला बोलू? पण नवसी साडेतीन तास खळ्यावर बसली होती. तिचा एका दिवसाचा रोज बुडाला होता. आणि मी पाय पसरून झोपले होते. शाळेत मराठीच्या बाईंनी पाठ करून घेतलेली म्हण आठवली, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पाण्याच्या पायी कोरडा पाषाण झालेली मी पहिलीच असेन.

नवसी बदलापूरच्या रिक्षाच्या रांगेत उभी होती. मी तिचा हात धरून तिला बाजूच्या उसाच्या गुऱ्हाळाकडे नेलं. रस मागवला नाही. आधी बोलून टाकायचं होतं.

"नवसी, सोमवारी मी प्रार्थनेत नव्हते. झोपले होते."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "आजारी व्हत्या?"

"नाही गं. पाणी येणार नव्हतं, म्हणून उठले नाही."

"पान्याचा न् प्रार्थनेचा काय संबंध?"

इतका सरळ प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मग मी सगळं सांगितलं. पाइप, मोटर, निळं पिंप, ओल्या हाताचा मिस्ड कॉल. एक दिवस नाही, चारही आठवडे. बोलताना मी दोनदा डोळे पुसले, आणि मी काही उठसूट रडणारी बाई नाही.

नवसी ऐकत राहिली. चिडेल असं वाटत होतं, चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही. तिचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"म्हंजी मी आज देवाच्या घरात खोटी साक्ष दिली," ती म्हणाली.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माझ्या अब्रूचा विचार करत होते, आणि इथे मी एका खऱ्या बाईला खोटं पाडलं होतं.

"तू नाही, मी," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी मला बोलायला सांगितलंय ना? हेच बोलेन. तुझं नाव घेऊन, सगळ्यांसमोर. आणि तुझा दिवस माझ्यामुळे वाया गेला, त्याचं..."

"वाया कुठं गेला?" तिने मला मध्येच तोडलं. "मी काय तुमच्याशी बोलत व्हते? तुमी झोपल्या व्हत्या, त्यो जागाच व्हता की."

गुऱ्हाळवाल्याने विचारलं, "किती ग्लास?" मी दोन बोटं दाखवली.

रस पिताना नवसी विचारात पडली होती. मग अगदी साधेपणाने, पावसापाण्याचं विचारावं तसं तिने विचारलं, "ताई, चार आठवडे तुमी त्याला पाचचा येळ दिलेला. तुमी तर आला नाय. मंग त्यो रोज येऊन बसत असंल का वो?"

मी ग्लास खाली ठेवला. त्या क्षणी मला जे वाटलं ते लाजेपेक्षा वेगळं होतं. मला त्याची आठवण आली. लहानपणी नगरला आजोळच्या अंगणात मी एकटी त्याच्याशी बोलायचे, चिंचांचं, शाळेचं, आईच्या मारण्याचं. तेव्हा कुणी आमेन म्हणायला नसायचं. ते बोलणं कधी थांबलं हे मला सांगता येईना. त्याच्याविषयी आणि त्याच्यासमोर मी इतकं बोलत आले, की त्याच्याशी बोलायचं राहूनच गेलं होतं.

"उद्यापासून येते," मी म्हटलं. कुणाला म्हटलं ते नवसीला बरोबर कळलं.

"पाचला मीच देते मिस कॉल," ती म्हणाली. "आमच्याकडं कोंबडा हाय. तुमच्याकडं नुसता नळ."

घरी गेले आणि जेवताना जाहीर करून टाकलं. "उद्यापासून पहाटेचं पाणी महेश भरणार."

महेशचा घास हातातच राहिला. "मी? अगं, मला ते मोटरचं जमत नाही."

"फिटर आहेस ना तू?"

तेजस्वी खो-खो हसायला लागली. "मम्मी, तू प्रार्थनेला बसणार आणि पप्पा पाणी भरणार? मग खालच्या काकूंना सांगून ठेव, छतातून गळलं तर घाबरू नका."

"गळू दे," मी म्हटलं.

मग महेश हळूच म्हणाला, "सकाळचं ऐकून तुझं काय होणार, याचीच मला काळजी होती." आणि ताट उचलताना म्हणाला, "पण पाच म्हणजे पाचलाच येतं का गं पाणी?" बावीस वर्षांच्या संसारात त्याला हे ठाऊक नव्हतं. मलाही बरंच ठाऊक नव्हतं.

प्रश्न जागेचा होता. आमचं घर दीड खोलीचं. दार लावून बसावं असं येशूने सांगितलंय, पण लावता येईल असं दार आमच्याकडे एकच, गॅलरीचं. आणि ते सहा वर्षांत लागलं नव्हतं, कारण निळं पिंप बरोबर त्याच्या आड उभं. पाणी कमी पडू नये म्हणून मीच हट्टाने आणलेलं. त्याच संध्याकाळी मी आणि तेजस्वीने ते रिकामं केलं, आणि आडवं करून जिन्याखाली नेऊन ठेवलं. पिंपाखालची फरशी काळी पडली होती, ती मी घासली. दार दोनदा लावून, उघडून बघितलं. बिजागरी कुरकुरत होती, तिला खोबरेल तेल लावलं. मग त्या एवढ्याशा जागेत एक चटई मावली.

सोमवारी पाचला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला आणि थांबला. नवसी. मी उठले, तोंडावर पाणी मारलं, गॅलरीत जाऊन दार लावलं आणि चटईवर बसले.

डोळे मिटले आणि सवयीने सुरू केलं, "हे प्रेमळ पित्या, इथे जमलेल्या आम्हा सर्वांना..." आणि थांबले. डोळे उघडून पाहिलं. जमलेले असे कुणी नव्हते. एक चटई, एक झाडू आणि दोरीवर तेजस्वीचा युनिफॉर्म. बाहेर अजून अंधार होता. इतक्या वर्षांची माझी सगळी तयार वाक्यं एकेक करून तोंडाशी आली आणि एकेक करून परत गेली. एवढ्या गर्दीत कधी न घाबरलेली मी, त्या चार फुटांच्या गॅलरीत घाबरले.

तेवढ्यात आत नळाने घशात अडकल्यासारखा आवाज काढला. पाइप आपटला. महेश धडपडत उठल्याचं ऐकू आलं, मग बादली गडगडली.

"अगं प्रगती! पाणी आलं!"

माझे गुडघे आपोआप उचलले गेले. बावीस वर्षं या दोन शब्दांवर मी उठत आले आहे. हात कडीपर्यंत गेला.

"प्रगती, मोटर घेत नाहीये! पाणी आलंय गं!"

मी हात मागे घेतला, चटईवर परत टेकले आणि डोळे मिटले.

"प्रभू," मी म्हटलं, "पाणी आलंय. पण मी बसलेय."